स्टार्ट होते आणि चार सेकंदांत बंद पडते: एका पेट्रोल गाडीचं प्रकरण

गाडीचं मॉडेल, मालकाचं नाव, आधीचं गॅरेज, यातलं काही इथे देत नाही, त्याची गरजही नाही. चार सिलिंडरचं १.२ लिटर पेट्रोल इंजिन, मल्टिपॉइंट इंजेक्शन, प्रत्येक प्लगला वेगळी कॉइल, हवा मोजायला मॅनिफोल्डवर (सिलिंडरना हवा वाटणाऱ्या पाइपांवर) मॅप सेन्सर. अशा गाड्या ढिगाने आहेत. यात दीड दिवस मी स्वतः चुकीच्या दिशेने गेलो होतो, तो भागही गाळलेला नाही.

पार्श्वभूमी

गाडी टो होऊन आली. मालकांनी किल्ली दिली आणि पहिलंच वाक्य, "दादा, पंपसुद्धा नवीन टाकलाय, आता अजून काय राहिलं?" आधीच्या गॅरेजमध्ये काय काय झालं होतं ते विचारलं तर यादी मोठी निघाली. चारही प्लग नवीन, थ्रॉटल बॉडी साफ, एअर फिल्टर नवीन, टाकीतला फ्युएल पंप फिल्टरसकट नवीन, बॅटरी दोनदा उतरवून चढवून झालेली. फरक शून्य. शेवटी तिथल्या माणसाने इसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) गेला असणार असं सांगितल्यावर हे घाबरून गाडी माझ्याकडे घेऊन आले. (इसीएम गेलाय हे वाक्य बहुतेक वेळा "मला कळत नाहीये" याचं सभ्य रूप असतं, मीही वापरलंय ते एकेकाळी.)

मी तेव्हा विचारलं, बंद पडायच्या आधी गाडी कशी चालत होती? ते म्हणाले, "ठीक होती, जरा पिकअप कमी झाला होता." मी "बरं" म्हणालो आणि बॉनेट उघडलं. हे "बरं" मला नंतर महागात पडलं, त्यावर पुढे येतोच.

नेमका प्रॉब्लेम

गाडी अर्ध्या सेल्फमध्ये लागते. अगदी झकास. आरपीएम १२०० ते १३०० ला जातो, थंड इंजिनाचा असतो तसाच, आणि तीन-चार सेकंदांत आवाज दबायला लागतो, कोणीतरी तोंडावर उशी धरावी तसा, आणि बंद. लगेच परत सेल्फ मारला तर एकच सेकंद टिकते किंवा नुसतं फुरफुर करते. पाच-दहा मिनिटं थांबलं की पुन्हा तेच चार सेकंद. चेक इंजिन लाइट स्टार्ट झाल्यावर विझते, स्कॅनरला कोड एकही नाही.

आणि अजून एक, रेस दिली तर जगण्याऐवजी लवकर मरते.

कोण काय बदललं या यादीपेक्षा हे एवढं वर्णन जास्त कामाचं होतं. स्टार्ट होते याचा अर्थ सेल्फ, बॅटरी, क्रँक सेन्सर, स्पार्क, पेट्रोल, कॉम्प्रेशन हे सगळं निदान त्या क्षणी तरी हजर आहे. मग प्रश्न एवढाच उरतो की स्टार्ट झाल्यापासून चौथ्या सेकंदापर्यंत बदलतं काय? बदलणाऱ्या गोष्टी मोजक्याच असतात. किल्ली स्टार्टवरून सुटून ऑनवर येते. चोरी रोखणारा इमोबिलायझर किल्ली ओळखतो किंवा नाकारतो. किल्ली ऑन केल्यावर पंपाने दोनेक सेकंद चालून रेलमध्ये (इंजेक्टरना पेट्रोल वाटणाऱ्या नळीत) भरलेलं प्रेशर संपतं आणि आता पंपाला चालू राहून ते टिकवायला लागतं. स्टार्टिंगसाठी दिलेलं जास्तीचं पेट्रोल इसीएम हळूहळू कमी करत नेतो. आणि शेवटची, जी माझ्या डोक्यात त्या दिवशी आलीच नाही, ती अशी की इंजिन जळका गॅस बाहेर टाकायला लागतं आणि त्या गॅसला कुठेतरी जायचं असतं.

काय काय असू शकत होतं

मरण्याची पद्धत बघायची. स्विच बंद केल्यासारखं एका झटक्यात इंजिन थांबलं तर करंट तुटलाय, म्हणजे इमोबिलायझर, किल्लीचा स्विच, रिले, क्रँक सेन्सर हे बघा. आचके देत, धडपडत, दम कोंडल्यासारखं मेलं तर पेट्रोल किंवा हवेचा मामला. नियम शंभर टक्के लागू पडतो असं नाही, पण सुरुवात कुठून करायची ते सांगतो.

इमोबिलायझर पहिला सुचतो कारण "स्टार्ट होऊन दोन सेकंदांत बंद" हे त्याचं ठरलेलं लक्षण, बऱ्याच गाड्यांत तो इंजिन लागू देतो आणि मग इंजेक्टर बंद करतो. पण तिथे किल्लीची लाइट लुकलुकते आणि मरण झटक्यात येतं. इथे दोन्ही नव्हतं. इंजेक्टरच्या कनेक्टरमध्ये नॉइड लाइट (इंजेक्टरला सिग्नल आला की लुकलुकणारा छोटा दिवा) लावली, इंजिन थांबेपर्यंत ती लुकलुकत राहिली, म्हणजे इसीएम शेवटपर्यंत पेट्रोल सोडतोय. इमोबिलायझर बाद, इसीएमही जवळजवळ बाद.

किल्लीचा स्विच. जुन्या पॉइंटवाल्या गाड्यांत याची एक गंमत असायची. सेल्फ मारताना कॉइलला बॅटरीचा थेट करंट मिळायचा आणि किल्ली सोडली की तो बॅलास्ट रेझिस्टरमधून जायचा, तो रेझिस्टर जळाला की सेल्फवर इंजिन लागायचं आणि किल्ली सोडताक्षणी बंद. आताच्या गाड्यांत रेझिस्टर नाही, पण स्विचचा ऑन पोझिशनचा संपर्क खराब असेल तर लक्षण अगदी तसंच येतं. कॉइलच्या सप्लायवर मीटर लावून ठेवला, मरेपर्यंत १२ व्होल्टच्या वर. स्पार्क टेस्टरवर ठिणगी शेवटच्या फेऱ्यापर्यंत. हेही बाद.

पेट्रोल. इथे बहुतेक जण एक चूक करतात. किल्ली ऑन करून गेज बघतात, ३.५ बार आला, पंप ओके. अहो, तो नुसता भरलेल्या पाइपचा प्रेशर आहे, वाहताना किती राहतो ते कुठे बघितलं? फिल्टर ९० टक्के बंद असला तरी उभं प्रेशर चढतंच, फक्त जरा सावकाश. म्हणून गेज पाइपात टी (तीन तोंडांचा जोड) घालून लावायचा आणि इंजिन मरताना बघायचा. इथे काटा ३.५ वर खिळ्यासारखा, इंजिन थांबल्यावरसुद्धा तिथेच. म्हणजे आधी पंप बदलला तो उगाच बदलला.

हवा आत येण्याची बाजू. आयडलचा हवेचा मार्ग चोंदला असेल तर पाय दाबला की इंजिन जगतं, कारण थ्रॉटलमधून हवा मिळते. इथे उलट होतं. कुठेतरी मोठी गळती असेल, ब्रेक बूस्टरचा पाइप निसटलेला, मॅनिफोल्डचं गॅस्केट फाटलेलं, तर मॅप सेन्सरवाल्या इंजिनाचा आरपीएम बहुतेक वर चढतो, मरत नाही, कारण आत आलेली सगळी हवा तो सेन्सर मोजतोच. एअर फ्लो मीटरवाल्या गाडीत मात्र मीटरच्या पुढे होज फाटला की न मोजलेली हवा आत जाते आणि इंजिन मरतं, तिथे हा तर्क लावू नका. पर्ज व्हॉल्व्हचा (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा) पाइप चिमट्याने दाबून बघितला, फरक नाही. ईजीआर (जळका गॅस थोडा परत आत सोडणारा व्हॉल्व्ह) या इंजिनाला नव्हताच.

दीड दिवस कुठे गेला

प्लग काढले. चारही ओले, काळे, पेट्रोलचा वास. आणि इथे मी फसलो.

ओला प्लग बघितला की डोकं आपोआप म्हणतं, पेट्रोल जास्त होतंय, इंजेक्टर गळतोय. स्टार्ट होते, गळतीने बुडते, मरते, थोडा वेळ थांबलं की पेट्रोल उडून जातं आणि परत लागते. किती छान बसतं सगळं! रेस दिल्यावर लवकर का मरते हे मात्र यात बसत नव्हतं, उलट बुडालेल्या इंजिनाला पूर्ण पाय दाबला की हवा मिळून बरं वाटायला पाहिजे. ती एक गोष्ट न बसणारी होती आणि मी ती बाजूला ठेवून दिली. जमलेल्या गोष्टी मोजल्या, न जमलेली सोडून दिली.

इंजेक्टर रेलसकट काढले, रेलला प्रेशर देऊन खाली पांढरा कागद धरला, दहा मिनिटं. एक थेंब नाही. चारही मशीनवर लावून बघितले, फवारा एकसारखा. मग वाटलं कूलंट टेम्परेचर सेन्सर खोटं सांगत असेल, इंजिन उणे तीस डिग्रीला आहे असं समजून इसीएम पेट्रोल ओतत असेल. स्कॅनरवर २७ डिग्री, बाहेरच्या हवेएवढंच. बरोबर. मग टायमिंग चेन एखादा दात सरकली असेल म्हणून कॉम्प्रेशन घेतलं. चारही सिलिंडर साडेअकरा ते बारा बारच्या आत. एकदम निरोगी.

कॉम्प्रेशन चांगलं आलं म्हणून इंजिनाची यांत्रिक बाजू पूर्ण ठीक असं मी मनात लिहून टाकलं, हेही चुकलं. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये प्लग काढलेले असतात आणि काही जळत नाही, त्यामुळे नुसती थंड हवा प्लगच्या भोकांतून आत-बाहेर होते, ती सायलेन्सरपर्यंत फारशी जातच नाही. बाहेरचा रस्ता बंद आहे की उघडा, हे ती टेस्ट सांगूच शकत नाही.

संध्याकाळ झाली. पोऱ्या म्हणाला, "उस्ताद, इसीएमच असेल." मी त्याच्यावर उगाच खेकसलो.

वळण कुठे मिळालं

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं परत जोडलं आणि यावेळी स्कॅनरवर आकडे न बघता ग्राफ लावला, आरपीएम आणि मॅप एकाच पडद्यावर, चार सेकंदांचा तमाशा रेकॉर्ड केला आणि हळूहळू मागेपुढे करून बघितला.

मॅप सेन्सर मॅनिफोल्डमधला दाब सांगतो. इंजिन बंद असताना बाहेरच्या हवेएवढा, समुद्रसपाटीला साधारण १०० किलोपास्कल, आणि इंजिन स्लोवर चालू असताना पिस्टन हवा ओढतात आणि थ्रॉटल जवळजवळ बंद असतो म्हणून तो पडून ३०-४० वर येतो. इंजिन मरायला लागलं की ओढणारं कोणी नाही म्हणून दाब परत वर चढतो, हे स्वाभाविक आहे. मी आदल्या दिवशी मॅप ८० वर जाताना बघितला होता की, आणि "मरतंय म्हणून चढतोय" म्हणून सोडून दिला होता.

ग्राफवर क्रम वेगळा दिसला. पहिल्या सेकंदाला मॅप ४० ला आला आणि लगेच चढायला लागला, ४८, ५७, ६५, आणि तोपर्यंत आरपीएम अजून अकराशेच्या पुढेच होता. इंजिन फिरतंय, थ्रॉटल बंद आहे, बाहेरून गळती नाही, तरी मॅनिफोल्ड रिकामा होत नाहीये. म्हणजे सिलिंडर हवा ओढू शकत नाहीयेत. का ओढू शकत नाहीयेत? कारण ते आधीच भरलेले आहेत. कशाने? मागच्या वेळच्या जळक्या गॅसने, जो बाहेर पडलाच नाही.

तिथे डोक्यात पडला प्रकाश, आणि ओल्या प्लगचंही कोडं सुटलं. मॅप चढला की इसीएमला वाटतं हवा जास्त आली, तो त्या हिशोबाने पेट्रोल वाढवतो. प्रत्यक्षात ताजी हवा कमी होत चाललीय. पेट्रोल वाढतंय, हवा घटतेय, प्लग ओले. इंजेक्टरने दिलेलं पेट्रोल जास्तच होतं, पण ते इंजेक्टर गळत होते म्हणून नाही, त्यांना तसं सांगितलं जात होतं म्हणून. रेस दिली तर जास्त गॅस तयार होतो, बंद पाइपात अजून लवकर कोंडतो, म्हणून लवकर मरण. लगेच परत स्टार्ट केलं तर आधीचं कोंडलेलं अजून सुटलेलं नसतं, म्हणून एकच सेकंद. सगळे धागे एका जागी आले, ज्याला मी बाजूला ठेवलं होतं तोही.

हिशोबही सोपा आहे. १२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला २० फेरे, चार स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा गॅस टाकतो, चार मिळून सेकंदाला ४० वेळा. एवढं सगळं एका छोट्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये (गॅस बाहेर नेणाऱ्या पाइपांत) किती वेळ मावणार? चार सेकंद टिकली हेच खूप, थोडीफार वाट होती म्हणूनच टिकली.

खात्री कशी केली

लगेच पाइप खोलायला धावलो नाही, एकदा हात पोळले होते. आधी पोऱ्याला सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरायला सांगितला आणि सेल्फ मारला. "काही येतच नाही, नुसतं कोमट वाटतंय." ही टेस्ट फुकट आहे, दहा सेकंदांची आहे, आणि ती मी दीड दिवसाने केली.

मग मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज लावला. स्टार्ट होताच काटा १८ इंचांवर (पाऱ्याचे इंच, आकडा जितका मोठा तितकी हवेची ओढ जास्त), आणि तिथून एखादा माणूस जिना उतरावा तसा खाली, चौथ्या सेकंदाला ५ च्या आसपास, मग इंजिन बंद. निरोगी इंजिनाचा काटा स्लोवर १७ ते २१ च्या मध्ये स्थिर उभा राहतो. ज्यांच्याकडे स्कॅनर नाही त्यांना हा एक गेजच पुरला असता, आणि माझ्या भिंतीवर तो वर्षानुवर्षं लटकतोय.

शेवटची खात्री म्हणून पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढायचं ठरवलं. तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (कॅट, सायलेन्सरच्या पाइपातला धूर साफ करणारा डबा) अलीकडे बसलेला असतो, काढला की गॅसला कॅटच्या आधीच बाहेर पडायला भोक मिळतं. रात्रभर गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं, सकाळी २२ च्या पान्याने निघाला. हे करताना गाडी उघड्यावर घ्या, भोकाच्या समोर वायर, पाइप, कपडा काही नको, आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवा, आणि खाली वाकून बघत बसू नका, कारण तिथून पेटता गॅस आणि कार्बन मोनॉक्साइड दोन्ही येतात.

सेल्फ मारला. कान फाटतील असा आवाज आणि इंजिन चालू. पाच सेकंद, दहा, वीस. मॅप ३६ ला स्थिर. चाळीस सेकंदांनी मीच किल्ली बंद केली. मालक आले होते, आवाज ऐकून दोन पावलं मागे सरकले आणि मग हसायला लागले.

कॅट का कोंडला

आता मी तो प्रश्न विचारला जो पहिल्या दिवशी विचारायला हवा होता. "पिकअप कमी झाला होता म्हणालात, त्याच्या आधी काही झालं होतं का?"

झालं होतं. दोनेक महिन्यांपूर्वी गाडी मिसिंग करायला लागली होती, चेक इंजिन लाइट लुकलुकायची. रोज कामावर जायचं म्हणून तशीच तीन आठवडे चालवली. मग एका सिलिंडरची कॉइल बदलली, मिसिंग गेली, लाइट गेली, विषय संपला असं सगळ्यांनाच वाटलं. नंतर हळूहळू चढावर गाडी दमायला लागली, वरचा वेग येईना, पायाखालची फ्लोअर गरम लागायची. आणि एक दिवस सकाळी हे चार सेकंदांचं सुरू झालं.

लुकलुकणारी लाइट आणि स्थिर लाइट यांत फरक असतो, हे कित्येकांना माहीत नसतं. स्थिर म्हणजे दाखवून घ्या. लुकलुकते म्हणजे मिसफायर इतका आहे की कॅट खराब होतोय, आत्ता. सिलिंडरमध्ये न जळलेलं पेट्रोल आणि हवा दोन्ही जसेच्या तसे कॅटमध्ये जातात आणि तिथे जळतात. कॅटच्या आत सिरॅमिकची मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी असते, चौरस इंचात ४०० वगैरे बारीक भोकं, त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा थर. नेहमीच्या कामात ती ४०० ते ८०० डिग्रीला असते. आत पेट्रोलच जळायला लागलं तर तापमान १४०० च्या पुढे जाऊ शकतं आणि तिथे ते सिरॅमिक वितळतं. वितळलेली जाळी थंड झाली की भोकं बुजलेली.

कॉइल बदलणाऱ्याने मिसिंग बरोबर पकडली होती, त्याचं काम त्याने केलं. पण तीन आठवड्यांत पुढे जे झालं होतं ते कोणी बघितलं नाही.

कॅट उतरवला. बोल्ट दोन तुटले, ते होणारच होतं. एका बाजूने टॉर्च मारला, दुसऱ्या बाजूला प्रकाश नाही. पुढचा निम्मा भाग काचेसारखा चकचकीत गोळा, मधून बोटाएवढी फट, तेवढ्यावर गाडी शेवटचे दिवस चालत होती. मागचा भाग सुटून आडवा झालेला, त्याने उरलीसुरली फटही झाकली, म्हणून रात्रीत गाडी चालायची बंद पडली असावी.

पुढचा निर्णय

मालकांनी विचारलं, "आतलं फोडून काढून मोकळा पाइप बसवला तर?" हा प्रश्न दर वेळी येतो. मी नाही म्हणालो. बऱ्याच ठिकाणी ते बेकायदेशीर आहे, धूर विषारी जातो, आणि मागचा ऑक्सिजन सेन्सर कॅटच्या कामावरच लक्ष ठेवतो त्यामुळे पी०४२० (कॅट नीट काम करत नाही) कोड येऊन लाइट कायमची लागते, आणि एकदा ती कायमची लागली की पुढच्या वेळी खरा बिघाड आला तरी कोणाला कळत नाही. दुसरा पर्याय होता कुठलाही बसणारा स्वस्त कॅट वेल्डिंग करून घालायचा. त्यातले काही बरे निघतात, काही वर्षभरात ढिले पडतात. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि त्या इंजिनासाठी बनलेलाच मागवला.

नवा कॅट बसवायच्या आधी एक गोष्ट करायलाच लागते, जुना ज्या कारणाने मेला ते कारण खरंच गेलंय का ते बघणं, नाहीतर नवाही तीन आठवड्यांत गोळा. बाकीच्या तीन कॉइल तपासल्या, एकाच्या रबराला तडा होता, ती बदलली. इंजेक्टर पहिल्या दिवशीच तपासून झाले होते, म्हणजे ती मेहनत पूर्ण वाया गेली नाही. इंजिन ऑइल खातं का, कूलंट कमी होतो का, हे विचारलं, कारण दोन्हीही कॅट खराब करतात. नव्हतं तसं काही. सायलेन्सर ठोकून बघितला, आत तुटलेले तुकडे खुळखुळत नाहीत ना.

आणि ऑइलची काडी काढून हुंगली. पेट्रोलचा वास. दोन गॅरेज मिळून किती वेळा सेल्फ मारला असेल देव जाणे, दर वेळी न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरलं. ऑइल आणि फिल्टर बदलल्याशिवाय गाडी रस्त्यावर सोडली नाही. हे लोक विसरतात आणि मग पातळ ऑइलवर बेअरिंग घासतात.

निकाल

नवा कॅट लागला, पहिल्या सेल्फला गाडी चालू आणि चालूच. ऑक्सिजन सेन्सरच्या भोकात प्रेशर गेज लावून मागचा दाब मोजला, २५०० आरपीएमला काटा जेमतेम हलला, ०.२ बारच्या वर गेला असता तर काळजी होती. व्हॅक्यूम १९ इंच, स्थिर. इंजिन गरम झाल्यावर फ्युएल ट्रिम (इसीएमने पेट्रोलमध्ये स्वतःहून केलेली वाढ-घट) दोन-तीन टक्क्यांच्या आत. ट्रिमबद्दल एक बोलून ठेवतो, चार सेकंदांत मरणाऱ्या गाडीत ते बघून काही उपयोग नसतो, ऑक्सिजन सेन्सर गरम व्हायच्या आत खेळ संपलेला असतो आणि इसीएम ठरलेल्या आकड्यांवर चालत असतो. मी पहिल्या दिवशी ते शून्य बघून "मिश्रण बरोबर" असं वहीत लिहिलं होतं, पान अजून आहे.

आज परत केलं असतं तर

विचारपूस आधी. "बंद पडायच्या आधी" एवढं विचारून भागत नाही, त्याच्या आधीचे तीन महिने विचारायचे, कुठला पार्ट कधी बदलला, लाइट लुकलुकली का, पिकअप अचानक गेला की हळूहळू. हळूहळू पिकअप जाऊन मग स्टार्ट होऊन बंद, एवढ्या एका वाक्यावर मी थेट सायलेन्सरकडे गेलो असतो.

मग तोंडाशी हात. मग व्हॅक्यूम गेज. पेट्रोलचं प्रेशर त्यानंतर, आणि तेही मरतानाचं. इतक्यात एक तास गेला असता. पण खरं सांगायचं तर क्रमापेक्षा मला ती न बसणारी गोष्ट जास्त टोचते, रेस दिल्यावर लवकर मरते ही. ती मी स्वतःच्या हाताने वहीत दुसऱ्या ओळीवर लिहिली होती आणि मग इंजेक्टर खोलायला गेलो. आता पोऱ्याला सांगून ठेवलंय, संशयित ठरला की वहीतली प्रत्येक ओळ त्याला लावून बघायची, एक जरी बसली नाही तर पाना उचलायचा नाही.

पंप आणि प्लगचं काय, मालकांनी विचारलं. प्लग तसेही ओले होऊन काळे पडले होते, धुऊन वाळवून परत लावले, चालले. पंप नवा आहे तो राहील. जुना पंप आधीच्या गॅरेजने त्यांना पिशवीत घालून परत दिला होता, तो मी बाहेर रॉकेलच्या डब्यात लावून चालवून बघितला. ठणठणीत. तो डिकीत स्पेअर म्हणून ठेवा म्हटलं, तर म्हणाले, "नको दादा, तो बघितला की राग येतो, तुमच्याकडेच राहू दे." तेव्हापासून माझ्या फळीवर आहे, वितळलेल्या कॅटच्या शेजारी.